तांब्याच्या सांगाड्याचे यंत्र

नागपूरच्या मामांच्या पश्चात मामींनी जे यंत्र विश्वासाने माझ्या हवाली केले, ते म्हणजे मारांट्झ कंपनीचा डीआर-१७ हा घरगुती सीडी रेकॉर्डर. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस, संगणकावर तबकडी लिहिण्याची सोय घरोघरी येऊ लागली असतानाच, ध्वनीच्या बाबतीत तडजोड न मानणाऱ्या मोजक्या श्रोत्यांसाठी तो घडविला गेला होता, हे बालाघाटच्या घरी तो उचलून मेजावर ठेवतानाच हातांना कळले.

झाकण काढले, तेव्हा आतील सांगाड्यावर तांब्याचा मुलामा अद्याप झळाळत होता. मलाजखंडची तांब्याची खाण ज्या जिल्ह्यात आहे, तेथील रहिवाशाला या धातूचे अप्रूप नसावे; तरीही मी बराच वेळ पाहत राहिलो, कारण ती झळाळी केवळ शोभेची नव्हती. तांबे उत्तम विद्युत्‌वाहक असून चुंबकाला वश होत नाही, त्यामुळे अंकीय मंडलांतून उठणारा उच्च कंपनांचा गोंगाट शेजारच्या नाजूक ध्वनिमंडलांत शिरण्यापूर्वीच जमिनीकडे वळविण्याचे काम असा सांगाडा करतो.

एवढी तजवीज कशासाठी, असे विचारणाऱ्याने सीडी-आरचा स्वभाव ध्यानात घ्यावा. आलेला ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो, लेझरच्या उष्णतेने तबकडीतील रंगद्रव्यावर त्याच्या खुणा उमटतात, आणि एकदा उमटलेली खूण कोणत्याही उपायाने पुसता येत नाही. म्हणजे आत शिरलेला गोंगाटही सरकारदप्तरी नोंद व्हावी तसा कायमचा दाखल होतो.

माझ्याजवळ आजीच्या पोवारी विवाहगीतांची एक कॅसेट होती, आणि तिच्या स्वरामागे, २०१५ साली बंद पडलेल्या आमच्या छोट्या लाइनीच्या गाडीची शिटी ऐकू येई. ते सारे उतरवून घेण्यासाठी ‘ऑडिओ’ असा छाप असलेलीच कोरी तबकडी हवी होती, कारण घरगुती रेकॉर्डर संगणकाची तबकडी स्वीकारीत नाही. ती मिळविण्यास फार शोध करावा लागला. मग आजीचा सर्वांत उंच स्वर आधी वाजवून, मापकाची पट्टी शून्य डेसिबलच्या अलीकडेच थांबेल अशी पातळी मी बांधली. कारण त्या मर्यादेपलीकडे कॅसेट थोडी सांभाळून घेते, सीडी मात्र स्वर तोडूनच टाकते. वीज मध्येच गेली तर तबकडी वाया जावयाची, म्हणून इन्व्हर्टरची व्यवस्था केली, आणि कॅसेटची एक तास ही मुदत संपेपर्यंत जवळच बसून राहिलो.

अनुक्रमणिका लिहून तबकडी कायम केल्याखेरीज ती साध्या प्लेअरवर वाजत नाही; तेवढा विधी उरकला, आणि पहिली प्रत गोंदियाच्या आत्याकडे पाठविली, कारण त्या गीतांतील मागून येणारा दुसरा आवाज तिचा आहे.