जिभेखालची गोळी

माझे पती यंत्रमागावर जॉबर आहेत. इचलकरंजीत जॉबर म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. माग बंद पडला की रात्री-अपरात्री बोलावणं येतं. मागाखाली वाकून, अंग चोरून शिरायचं, भरलेला बीम चढवताना खांदा द्यायचा. चाळिशीच्या आतच त्यांच्या मणक्यात गॅप पडला आणि पायाकडे जाणारी नस दबली. डॉक्टरांनी ट्रॅमॅडॉलच्या गोळ्या लिहून दिल्या, त्याही थोड्याच दिवसांसाठी. इथपर्यंत कुणाचंच काही चुकलं नव्हतं. दुखणं खरं होतं आणि औषधाने गुणही आला होता.

पण त्या गोळीने नुसती कंबरदुखी थांबत नव्हती, शीणही उतरत होता. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस घरी हसून बोलायचा, मुलीची पाढ्यांची उजळणी घ्यायचा. कुणी आजारी रजेवर असेल तर त्याचीही पाळी ओढायचा. अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कशावरून? एका गोळीच्या दोन झाल्या, पुढे पाळीला निघताना खिशात अख्खी पट्टी जाऊ लागली. एप्रिल 2018 मध्ये सरकारने ट्रॅमॅडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. मेडिकलवाले चिठ्ठी मागू लागले. गोळी मिळायची थांबली नाही, पण मागच्या दाराने मिळू लागली, महाग झाली. माझ्या भिशीच्या पैशांचा हिशेब लागेना तो त्याच सुमारास.

सगळं उघडं पडलं ते रात्रपाळीला आलेल्या फिटमुळे. चालत्या मागापासून हातभर अंतरावर ते कोसळले. सोबतच्यांनी कांदा हुंगवला, मग रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. डोक्याचा स्कॅन स्वच्छ आला. तिथल्या एका तरुण डॉक्टरने मला बाहेर थांबवून त्यांना विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती घेता? दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर ट्रॅमॅडॉल देत नाहीत. ते त्याच्या किती तरी पुढे गेले होते, आणि त्या मात्रेला आकडी येऊ शकते. हे मला त्या रात्री कळलं. मी आशा सेविका आहे. गावभरच्या औषधांच्या वह्या मी ठेवते.

घरात पहिला उपाय निघाला तो देवाचा. सासूबाई म्हणाल्या, "वाडीला नेऊन पायावर घाल. माळ घातली की हात लावायचा न्हाई." नरसोबाच्या वाडीला गेलो, तुळशीची माळ घातली. पतींच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन. गोळी बंद केल्यावर पहिल्या दिवशी नुसत्या जांभया आणि नाकाला धार. मग अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब. रात्रभर पायात अशी वळवळ की ते पाय भिंतीवर आपटायचे. घाम यायचा आणि त्याच वेळी थंडीने दातखिळी बसायची. वर एक वेगळीच घालमेल, कारण नसताना छातीत धडधड, डोक्यात झिणझिण्या. ट्रॅमॅडॉल नुसतं अफूच्या जातीचं नाही, मेंदूतल्या मनःस्थिती सांभाळणाऱ्या रसायनांनाही ते धरतं, म्हणून सुटताना दोन्हीकडून ओढतं. दोन-तीन रात्रींत त्यांनी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि बाहेर पडले. माळ गळ्यात ठेवून गोळी घ्यायला त्यांचं मन धजावलं नाही.

मग एका निवासी केंद्रात राहून आले. तिथे शरीरातलं विष उतरलं, वजन भरलं, चेहरा उजळला. योग होता, गटात बसून बोलणं होतं, आणि ते त्यांना आवडलंही. पण परत येताना पुढचं काहीच हातात नव्हतं, आणि कंबर होती तशीच होती. पाळ्या सुरू झाल्या, बीम उचलला, की आठवड्या-दोन आठवड्यांत खिशात पट्टी आली.

यानंतर आम्ही मिरजेला मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो, आणि पहिल्यांदा आमच्यासमोर एकाहून जास्त वाटा मांडल्या गेल्या. तोवर आम्हाला एकच प्रश्न माहीत होता, सोडणार की नाही. मॅडम म्हणाल्या, सोडणं हा एका आठवड्याचा भाग आहे, सोडलेलं टिकवणं हा खरा आजार. निवासी केंद्रातून सुटल्यावर लगेचचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, हे त्यांनी तिथेच सांगितलं. शरीराची सवय मोडलेली असते, माणूस मात्र जुन्या हिशेबाने गोळ्या घेतो, आणि तेवढ्याने श्वास थांबू शकतो. निवासी केंद्रातून ते घरी आले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

वाटा अशा होत्या. एक, पुन्हा दाखल व्हायचं, त्रासावरची औषधं घेऊन पार पाडायचं आणि पुढे गोळीविना राहायचं. दुसरी, नाल्ट्रेक्सोन. ही गोळी अफूच्या जातीच्या सगळ्या औषधांची जागाच अडवते, पण ती सुरू करण्याआधी सात ते दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं. शिवाय रोज घेतली तरच उपयोग. ज्या दिवशी मन फिरेल त्या दिवशी ती न घेणं फार सोपं. तिसरी, मेथाडोन. ते द्रवरूपात मिळतं आणि केंद्रावर जाऊन समोर प्यावं लागतं. पाळीच्या माणसाला ते रोज कसं जमायचं? चौथी, ब्युप्रेनॉर्फिन, त्यात नॅलॉक्सोन मिसळलेलं, जिभेखाली ठेवायची गोळी. ही त्याच जागेवर जाऊन बसते जिथे ट्रॅमॅडॉल बसत होतं, पण अर्धवट काम करते. ठरावीक मात्रेनंतर तिचा परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास दबण्याचा धोका कमी. एकदा बसली की दिवसभर, कधी त्याहून जास्त, जागा सोडत नाही. नॅलॉक्सोन जिभेखाली जवळजवळ काही करत नाही. कुणी ती गोळी विरघळवून सुईने घेतली, तर मात्र तेच त्याला त्रासात ढकलतं.

"म्हणजे परत गोळीच?" हे मी नाही, त्यांनीच विचारलं. ज्याला सगळे दोष देत होते त्यालाच या गोळीची सगळ्यात जास्त भीती होती. मॅडमनी ते टाळलं नाही. शरीर या गोळीवरही अवलंबून राहील, एकदम बंद केली तर त्रास होईल, हे सरळ सांगितलं. बद्धकोष्ठ, घाम, सुरुवातीला झोपाळूपणा येईल. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत घेतली तर जीव जाऊ शकतो. गोळी तोंडात विरघळते म्हणून दात किडतात, तेव्हा ती विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि तासाभराने ब्रश करायचा. मग दुसरी बाजू. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. हे उपचार चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. बरेचसे अभ्यास हेरॉइन घेणाऱ्यांवर झालेत, गोळ्यांवाल्यांवर कमी, हेही त्यांनी लपवलं नाही. त्या एका वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

निर्णय घरी येऊन घ्यायचा होता. दीर पुण्याला असतात. ते म्हणाले, "वहिनी, एक व्यसन सोडून दुसरं धरायचं, त्यात काय मिळवलं?" त्यांचा ओढा मुक्तांगणकडे होता. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये उभं केलेलं ते केंद्र किती घरांचा आधार झालंय हे मलाही माहीत होतं, आणि तिकडे जाण्याला माझा विरोध नव्हता. गट, समुपदेशन, घरच्यांशी बोलणं हे सगळं लागणारच होतं. पण ते आणि औषध यांतलं एकच निवडायचं, असं का असावं? सासूबाईंचं म्हणणं त्याहून साधं होतं. "गोळीनं गोळी सुटती व्हय?"

मी दोघांनाही माझ्या कामातलं सांगितलं. क्षयाच्या रुग्णाला मी सहा-सहा महिने गोळ्या देते. लघवी लाल होईल, घाबरू नका, म्हणून आधीच सांगते. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडणाऱ्याच्या दारात जाऊन बसते. त्या माणसाला कुणी गोळीबहाद्दर म्हणत नाही. दीर म्हणाले, त्या गोळीने नशा येत नाही. खरं आहे. म्हणून मी नशेकडेच बघायचं ठरवलं. ट्रॅमॅडॉलच्या दिवसांत माणूस काय करत होता? गोळी मिळेपर्यंत बेचैन, मिळाली की तरतरीत, उतरली की चिडका, आणि प्रत्येक दिवशी मात्रा थोडी जास्त. खोटं बोलणं, उधारी, चोरून घेणं. नव्या गोळीने यातलं काही होतं का, हे बघून मग ठरवू. शरीराला औषध लागणं आणि औषधापायी आयुष्य हातातून जाणं, या दोन गोष्टी मला वेगळ्या दिसत होत्या. दीरांना तेव्हा पटलं नाही. ते म्हणाले, तुमची मर्जी.

सुरुवातीचा दिवस कठीण गेला, कारण आधी त्रास सुरू व्हावा लागतो. जुनी गोळी अंगात असताना ही दिली तर उलट एकदम उफाळून येतो. म्हणून आदल्या दिवसापासून काही न घेता आम्ही मिरजेच्या बसमध्ये बसलो. जयसिंगपूर येईपर्यंत त्यांना जांभया सुरू झाल्या होत्या. मॅडमनी नाडी मोजली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, हातावरचा काटा पाहिला, कागदावर गुण मांडले, आणि मग 2 मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवली. बोलायचं नाही, गिळायचं नाही. मी समोर बसून त्यांच्या पायांकडे बघत होते. तासाभरात पाय थांबले. त्यांनी चहा मागितला, बिस्कीट मागितलं. चेहऱ्यावर ती जुनी तरतरी मात्र नव्हती, आणि मला तेच हवं होतं.

कमरेचा प्रश्न वेगळा सोडवावा लागला, आणि तो सोडवला नसता तर बाकीचं टिकलं नसतं असं मला वाटतं. मॅडमनी दिवसाची मात्रा सकाळ-संध्याकाळ विभागून दिली, कारण हे औषध वेदनेवरही चालतं, पण तो परिणाम दिवसभर पुरत नाही. व्यायाम सुरू झाला. मालकांना आम्ही मणक्याचं सांगितलं, गोळीचं नाही. बीम चढवण्याचं काम दुसऱ्याकडे गेलं, थोडा पगारही गेला. गोळ्या माझ्या कपाटात कुलपात असतात. त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, घरात लहान भाचरं येतात म्हणून. एका गोळीनेही लहान मुलाचा श्वास थांबू शकतो.

राग मला एकाच गोष्टीचा येतो. हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ते व्यसनमुक्तीचे उपचार करणाऱ्या ठिकाणांहूनच मिळतं. त्यामागचं कारण मला कळतं, ते चोरवाटेला जाऊ नये. पण ज्या गोळीने माणूस बिघडला ती गल्लीत मिळत होती, आणि ज्या गोळीने सावरतो तिच्यासाठी पाळी बुडवून दुसऱ्या गावी जायचं. 2019 मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात अफूच्या जातीच्या पदार्थांपायी मदतीची गरज असलेले देशात सुमारे 77 लाख लोक निघाले. त्यातले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. आमच्या पेठेत किती जॉबर, किती कांडीवाल्या, किती ड्रायव्हर कमरेसाठी गोळ्या खातात, हे मी घरोघरी फिरताना बघते. त्यांच्याशी आता मी थेट बोलते. कुणी रागावतं, कुणी दार लावून घेतं, एक-दोघे मिरजेला जाऊन आलेत.

दिवाळीच्या बोनसनंतर पतींनी स्वतःच मात्रा कमी करून बघायची इच्छा सांगितली. मॅडमनी थोडी उतरवली. काही आठवडे बरे गेले, मग झोप मोडायला लागली, कंबर धरली, आणि एका रात्री त्यांनी मला उठवून सांगितलं की जुन्या गोळीची आठवण येतेय. पूर्वी अशा रात्री ते न सांगता बाहेर पडले असते. मॅडमनी मात्रा परत वर नेली आणि यात हरण्यासारखं काही नाही असं त्यांच्याकडे बघून सांगितलं. मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे, तोवर मात्रेला हात लावायचा नाही असं ठरलंय. पुढच्या तारखेला दीरही पुण्याहून येणार आहेत. अजून किती दिवस, हे ते दर फोनवर मला विचारतात. या वेळी त्यांनी ते मॅडमनाच विचारावं, असं मी त्यांना सांगितलंय.