दाढेवरच्या रेघा

आठवीच्या वर्गात मी एक गोष्ट हमखास सांगायचे. १९५९ साली टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत मेरी लीकी यांना साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची एक कवटी सापडली. दाढा एवढ्या थोरल्या की तिचं नावच पडलं ‘नटक्रॅकर मॅन’.

“मग तो काय खात असेल?”

“टणक बिया! कवचाची फळं!” मुलं ओरडायची. मी म्हणायचे, “शाब्बास!”

गेल्या वर्षी धड्याची तयारी करताना कळलं, की पीटर उंगर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच जातीच्या सात जणांच्या दाढा तपासल्या होत्या. दंतवैद्य कवळीसाठी माप घेतात ना, तसा दाढेचा ठसा घ्यायचा, त्यातून हुबेहूब प्रतिकृती ओतायची आणि ती कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. तो पृष्ठभागावरच्या बिंदूबिंदूची उंची मोजतो. डोंगरदऱ्यांचा नकाशाच म्हणा! टणक वस्तू चिरडली की खड्डे पडतात. चिवट पानं, गवत चावलं की एकाच दिशेच्या रेघा उठतात. खडबडीतपणा किती, रेघा एका दिशेला किती, हे संगणक आकड्यांत सांगतो. माणसाने डोळ्यांनी मोजलं तर दोघांचे आकडे जुळत नाहीत.

त्या सात दाढांवर टणक खाण्याच्या खुणा दिसल्याच नाहीत. पुढे २०११ मध्ये दातांतल्या कार्बनच्या तपासणीतून गवत आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतींकडे बोट दाखवलं गेलं.

अर्थात या खुणा थोड्याच काळात झिजतात, त्यांवर नव्या उमटतात. म्हणजे दाढ सांगते ती शेवटच्या काही दिवसांचीच गोष्ट. एरवी, उपासमारीत त्याने बिया फोडल्याही असतील. दाढेचा आकार सांगतो काय खाता आलं असतं. रेघा सांगतात काय खाल्लं.

हे सगळं वर्गात सांगितलं आणि म्हटलं, “इतकी वर्षं मी चुकीचं शिकवत होते.”

एक मुलगी उठली. “मॅडम, माझ्या दादाला तुम्ही याच उत्तराला पूर्ण मार्क दिले होते.”

“दिले होते. घरी जाऊन त्याला खरं काय ते सांग.”

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “दादा विचारतोय, हे तरी बरोबर कशावरून?”

मी तिला फळ्यावर दोन दाढा काढायला लावल्या. एकीवर खड्डे, एकीवर रेघा. आता उत्तर आलं की मी आधी शाब्बास म्हणत नाही. विचारते, “कशावरून?”