पाय कुठवर जातोय?

आमच्या ऑफिसात 'ॲप चालत नाही' अशी तिकिटं येतात. चालत नाही म्हणजे उघडत नाही, अडकतं की चुकीचा आकडा दाखवतं, हे काढून घेण्यातच निम्मा दिवस जातो. येरमाळ्याहून तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, महिनाभर फोन येत होता तोही तसलाच: "पिकअपचे ब्रेक लागंना झालेत."

तात्यांनी इलाज केला नव्हता असं नाही. एका मिस्त्रीकडून पुढचे पॅड आणि मागचे लायनर नवे टाकून घेतले होते. पैसे गेले, ब्रेक होते तसेच. मी दिवाळीला घरी पोचलो तेव्हा सोयाबीनची पोती ओसरीवर रचलेली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती बार्शीला न्यायचं ठरलं होतं. केबिनमध्ये काकू, पोत्यांवर दोन गडी.

येरमाळा हे सोलापूर-धुळे महामार्गावरचं, बालाघाटाच्या चढउतारातलं गाव. डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ, चैत्र पौर्णिमेला मोठी यात्रा. इथल्या पिकअपला माल आणि माणूस असा भेद ठाऊक नसतो. सोयाबीन, शेरडं, वऱ्हाड, यात्रेकरू, जे येईल ते हौद्यात. त्यात तात्यांच्या हौद्यात एक दगडही कायम असायचा, गाडी उभी केली की चाकामागं लावायला.

"तात्या, पाय कसा जातोय ते सांगा," मी म्हणालो.

"खाली जातोय की."

"घट्ट जातो का मऊ?"

ते चिडले. पण सगळं या उत्तरावरच ठरतं. पॅडल दगडासारखं घट्ट आणि गाडी उभारत नाही, तर संशय बूस्टरवर. डिझेल इंजिनाला त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याच पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. त्याचा पट्टा सैल झाला किंवा पाइप चिरला की ब्रेक लोखंड होतो. पाय दाबून धरला आणि पॅडल हळूहळू खाली बुडत गेलं, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले किंवा कुठं तरी बाहेर गळती आहे. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर, तर मागच्या ड्रममध्ये लायनरची फट वाढली. आणि भिजलेल्या उशीवर पाय दिल्यागत लागलं, तर पाइपात हवा. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याआधी ती हवाच खाऊन टाकते.

मी स्वतः बसून पाहिलं. पहिल्या दाबाला पाय जवळपास तळाला, दुसऱ्याला वर, पण वर येऊनही मऊ. म्हणजे फटही होती आणि हवाही. नवे लायनर बसवून ते ड्रमजवळ आणलेच नव्हते, हे एक. पण हवा शिरली कुठून?

बॉनेट उघडलं तर ऑइलची पातळी खालच्या खुणेच्याही खाली. इथं मला खटकलं. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, हे खरं. पण नवे पॅड टाकताना पिस्टन मागं ढकलले जातात आणि पातळी वर येते. नव्या पॅडवर पातळी कमी, तर ऑइल जमिनीवर गेलं असणार. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला ओघळ होता. ड्रम काढला. व्हील सिलिंडरचं रबर उचललेलं, खाली टपटप, आणि महिन्यापूर्वीचा कोरा लायनर ऑइलनं काळा.

"सावकाश जाऊ," तात्या म्हणाले. "उताराला दुसऱ्या गिअरात सोडतो."

गिअरात उतरवणं शहाणपणाचंच. मी हिशोब मांडला: मालासकट तीन टनांची गाडी साठच्या वेगातून थांबवली, तर निघणाऱ्या उष्णतेवर जवळपास दीड लिटर पाणी उकळेल. तीच गाडी शंभर मीटर उंची निव्वळ ब्रेकवर उतरली, तर दहा लिटर. ही सगळी धग पॅड, ड्रम आणि ऑइल सोसतं. ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. तात्यांच्या डब्यातलं चहाच्या रंगाचं होतं. शिवाय ऑइल लागलेला लायनर धरत नाही; एक बाजू धरते, दुसरी घसरते, आणि गाडी धरणाऱ्या बाजूला ओढते. समोरून ट्रक येत असताना ती कुठं ओढेल, एवढंच मी विचारलं.

हिशोबाचा परिणाम झाला नाही. काकूंनी "मी नाही बसणार" म्हटल्यावर झाला. पोती शेजाऱ्यांच्या गाडीनं गेली, भाडं द्यावं लागलं, आणि तात्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण बार्शीहून येताना दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर, लायनरचा जोड आणि टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रकारच्या ब्रेक ऑइलचा डबा बरोबर आणला. (नाव ऑइल असलं तरी ते तेल नव्हे. त्यात इंजिन ऑइल ओतलं तर सगळे रबर फुगून बसतात.) ऑइल पिलेला लायनर पेट्रोलनं धुऊन वापरू, असंही ते म्हणाले, ते मी ऐकलं नाही.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मी चाकाशी, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात. तात्या केबिनमध्ये. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला होता, कारण जुन्या सिलिंडरचा पिस्टन कधी नाही तेवढा आत गेला, तर गंजलेल्या भागावर रबर फाटतात.

"दाबा. धरा." मी निपल सोडला, बुडबुडे आले, आवळला. "सोडा."

यात 'सोडा' म्हणण्याआधी पाय उचलला की निपलातून हवा परत आत. तात्यांनी एकदाही उचलला नाही. चार चाकांना दीड तास लागला, काकू मध्येच चहा देऊन गेल्या, टाकी रिकामी होऊ नये म्हणून पुतण्या वरून ऑइल ओतत राहिला. शेवटी नळीत नुसती स्वच्छ धार. मागचे लायनर ड्रमला जरा घासतील इतके आणून मग थोडे मागं घेतले.

मोकळ्या रानवाटेवर आधी रिकामी गाडी नेली, मग दहा पोती खत टाकून. तात्यांनी तीनदा कचकन ब्रेक मारला. तिन्ही वेळा गाडी सरळ उभी राहिली.

"आता?" मी विचारलं.

"अर्ध्याच्या वरच धरतंय," ते म्हणाले. "घट्ट हाय, पण दगड नाही. बुडत नाही."