मुख्य कर्जदार

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. या पावसाला हवामान खात्याच्या अंदाजाची गरज नसते. ज्याच्या घरी बारावीचं मूल, त्याच्या दारात तो पडणारच. आमचे मेव्हणे म्हणाले, "इंजिनिअरिंगशिवाय पर्याय नाही." मेव्हण्यांचा मुलगा इंजिनिअर आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "इंजिनिअरिंगचं नावसुद्धा काढू नका." त्यांचाही मुलगा इंजिनिअर आहे. आमच्या हेड कॅशियरांनी मधला मार्ग काढला, "कोर्स कुठलाही घ्या हो, गाडी लावायला जागा आहे का तेवढं बघा."

माझ्या वेळी एवढा घोळ नव्हता. वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता, "सायकलनं किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "वीस मिनिटं." "मग ठीक आहे." झालं, कॉलेज ठरलं! कॉमर्स का, हे कोणी विचारलंच नाही. सायन्सला मार्क पुरले नव्हते आणि आर्ट्सला जातो म्हणायला धैर्य पुरलं नव्हतं.

तरीही या विषयावर चार शब्द बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. आमच्या शाखेत शैक्षणिक कर्जाचं टेबल गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. जोखीम बँकेची, मंजुरी साहेबांची आणि "ही झेरॉक्स अस्पष्ट आहे, दुसरी आणा" असं म्हणण्याचा मान माझा! या टेबलामागे बसून मी एक गोष्ट पाहिली आहे. फ्रीज घ्यायचा तर माणूस चार दुकानं हिंडतो, दार दहादा उघडून बघतो, वॉरंटीचं कार्ड वाचतो. तोच माणूस पाच लाखांचं कॉलेज चौकातलं होर्डिंग बघून ठरवतो. म्हणून म्हणतो, बँक जे प्रश्न विचारते ते आधी घरी विचारून घ्यावेत.

पहिला प्रश्न : पदवी कोण देणार? नुसता 'युनिव्हर्सिटी' असा बोर्ड लावून पदवी देता येत नाही, त्याला कायद्यानं अधिकार लागतो. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करत असतो, तीत नाव नाही ना एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात. एकदा एक गृहस्थ गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक घेऊन आले. त्यात पोहण्याचा तलाव होता, हिरवळ होती, एक घोडासुद्धा होता. विद्यापीठाचं नाव मात्र भिंग लावून शोधावं लागलं. मुलाला बी.बी.ए. करायचं होतं. घोड्याचा संबंध मला शेवटपर्यंत कळला नाही.

दुसरा प्रश्न : तारीख काय? कॉलेजच्या फाटकावर नॅकची 'ए' श्रेणी मोठ्या अक्षरांत असते. पण श्रेणीलाही मुदत असते. आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतो, तशी तीही बघावी.

तिसरा प्रश्न : नोकरीचं काय? जाहिरातीत नेहमी सर्वांत मोठ्या पगाराचा मुलगा हसत असतो. तो आपला मुलगा नसतो. सरासरीवरही जाऊ नये. माझ्या आणि आमच्या चेअरमनसाहेबांच्या पगाराची सरासरी काढली तर मीही श्रीमंत ठरतो! बघायचा तो मधला आकडा, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्याहून जास्त मिळालं आणि निम्म्यांना कमी. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा आकडा द्यावा लागतो.

चौथा प्रश्न : पावती मिळेल का? इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांची फी राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याबाहेर कोणी दार लोटून, आवाज उतरवून "थोडं डोनेशन" म्हणालं, तर महाराष्ट्रात ते १९८७ च्या कायद्यानं बंद आहे हे ध्यानात ठेवावं. शिवाय ज्याची पावती नाही त्याला बँक कर्ज देत नाही. आमच्या बँकेला कल्पनाशक्ती कमी आहे, पण कधीकधी तिचा असा उपयोग होतो.

आता नावाबद्दल. आम्हा पुणेकरांना कॉलेजचं नाव घेताना छाती पुढे काढायची सवय आहे. फर्ग्युसन १८८५ चं, स. प. १९१६ चं, बी.एम.सी.सी. १९४३ चं. फर्ग्युसनला आपटे आणि आगरकर प्राचार्य होते, याचा अभिमान हवाच. पण मंगळवारी सकाळचा तास घ्यायला आगरकर येत नाहीत. तो कोण घेतं आणि मुळात घेतं का, हे बघायला एखाद्या साध्या बुधवारी दुपारी कॉलेजात चक्कर मारावी. प्रवेशाच्या दिवशी जाऊ नये, त्या दिवशी मांडवातली सगळीच वऱ्हाडं देखणी दिसतात. ग्रंथालयातली पुस्तकं मुलांच्या हातात आहेत की कुलपात, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का आणि प्रयोगशाळेतल्या उपकरणांवरची धूळ कोणत्या सालची आहे, हे न विचारता कळतं.

एवढं सगळं तपासलं तरी एक प्रश्न राहतो आणि तो मला एका मुलानं शिकवला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारण शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. पाच लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सहा हजार सहाशे रुपये. शिकत असतानाचं व्याज वेगळं. तर हा मुलगा पहिला हप्ता भरायला आला. इंजिनिअर झाला होता आणि नोकरी तिसरीच काहीतरी करत होता. म्हणाला, "काका, माझं या कर्जात नक्की काय आहे हो?" मी फाईल काढून दाखवली. मुख्य कर्जदार : तो. सहकर्जदार : वडील. त्यानं स्वतःच्या सहीकडे बराच वेळ पाहिलं. "बाबांनी बोट ठेवलं तिथे सही केली होती," म्हणाला आणि पैसे भरून गेला. त्या दिवशी मी कोणाचीच झेरॉक्स परत केली नाही.

यंदा आमची कन्या बारावी सायन्स झाली. मेव्हणे आणि सेक्रेटरी यांचं भांडण आमच्याच दिवाणखान्यात चालू असताना ती म्हणाली, "मला स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एस्सी. करायचंय." क्षणभर दोघांचंही एकमत झालं. "म्हणजे पुढे काय?" दोघांनी एकदम विचारलं. सौ. माझ्याकडे बघत होती. खरं सांगतो, तोच प्रश्न माझ्याही ओठांवर होता. मी चहाचा घोट घेऊन तो गिळला.

रात्री कन्येनं वही पुढे ठेवली. तीन कॉलेजं, तिन्हींत स्वतः जाऊन आलेली. एकाच कॉलेजात अनुदानित तुकडीची फी किती आणि विनाअनुदानितची किती, हे शेजारीशेजारी मांडलं होतं. कोणत्या विभागात किती शिक्षक कायमचे, तेही होतं. तिनं निवडलेलं कॉलेज तिन्हींत कमी नावाजलेलं आणि सर्वांत लांब, दोन बस बदलून.

"पाऊण तास लागतो, बाबा. पण तिथल्या मॅडमनी मला अर्धा तास बसवून गणित समजावलं. प्रवेश घेतला नव्हता तरी."

"आणि कर्ज?"

"या फीला कशाला हवंय? पुढे एम.एस्सी.ला बाहेर जायचं झालं तर बघू. तेव्हा येईन तुमच्या टेबलावर."

सौ. आतून म्हणाली, "अहो, आता तरी हो म्हणा की!"

मी वही पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासली. सवयच आहे ती. एकही कागद कमी नव्हता.

"ये," मी म्हटलं. "फक्त झेरॉक्स स्पष्ट आण."