खांद्याचा उतार

बाळकुम नाक्याजवळच्या बाबांच्या शिवणाच्या दुकानात आरसा एका भिंतीला आणि चित्रं समोरच्या भिंतीला होती. मासिकांतून, कापड कंपन्यांच्या कॅलेंडरांतून कापून चिकटवलेली. कोटातले, सफारीतले, बेलबॉटमवाले पुरुष. गिऱ्हाईक त्यातल्या एकावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "असा शिवा." बाबा चित्राकडे बघायचे, मग गिऱ्हाइकाला पाठमोरं उभं करायचे आणि टेप खांद्यावर टाकायचे.

माणूस समोरून जे लपवतो ते त्याची पाठ सांगते, हे मी तिथे शिकले. कोलशेत रस्त्यावरच्या रासायनिक कारखान्यांतले कामगार, गावातले आगरी-कोळी, लग्न ठरलेले नवरदेव, सगळे त्या टेपखालून गेले. पाट्या वाहणाऱ्याचा एक खांदा उतरता, खाडीत जाळं ओढणाऱ्याची पाठ भरलेली, रात्रपाळीवाल्याची मान पुढे आलेली. बाबा मापाच्या वहीत आकड्याशेजारी बारीक खूण करायचे आणि आत बकरम घालून कोट सरळ दिसेल असा शिवायचे. घालणाऱ्याला त्यांनी त्याचं व्यंग कधी बोलून दाखवलं नाही.

भिंतीवरच्या माणसांची मात्र मला काळजी वाटायची. ती कधी बोलत नसत. सिनेमातला नट निदान संवाद म्हणतो, मुलाखत देतो. ह्यांचं नावही खाली छापलेलं नसे. कोट कुणाचा ते मोठ्या अक्षरांत, आतल्या माणसाचा पत्ता नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला त्या भिंतीवर एक नवा चेहरा आला. नाव गिऱ्हाइकांनीच सांगितलं, मिलिंद सोमण. दादरचा, आपल्यातला, याचं नाक्यावर भारी कौतुक. बाबांनी ते चित्र चिकटवण्याआधी बराच वेळ हातात धरलं होतं. "हा पवणारा आहे," ते म्हणाले. "खांद्याचा उतार बघ. हा शिंप्याने केलेला नाही." खाडीकाठच्या माणसाला पोहणाऱ्याची पाठ ओळखायला दुसऱ्याने सांगावं लागत नाही. आणि ते खरंच होतं. मॉडेल होण्याआधी सोमण पोहण्यातले राष्ट्रीय विजेते होते. ग्लासगोत 1965 साली जन्म, सातव्या वर्षी भारतात, शिवाजी पार्कला घर आणि मग लहानपणापासून पाणी.

1995 हे वर्ष माझ्या पिढीतलं कुणी विसरणार नाही. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' घराघरांत वाजत होतं आणि त्यात लाकडी खोक्यातून बाहेर येणारा तो देखणा पुरुष एक अक्षरही बोलत नव्हता. त्याच वर्षी टफ बुटांची जाहिरात आली. मिलिंद सोमण आणि मधु सप्रे, अंगावर फक्त बूट, भोवती अजगर. प्रबुद्ध दासगुप्तांनी काढलेला फोटो. मुंबईत खटला उभा राहिला आणि 2009 साली निर्दोष सुटका होईपर्यंत चौदा वर्षं चालला. आमच्या दुकानात तेव्हा दोन तट पडले होते. मी कॉलेजात होते; माणसं त्या दोघांबद्दल काय काय बोलत होती ते काज करता करता ऐकत होते. संताप एका वाक्यात असायचा आणि हावरेपणा पुढच्याच वाक्यात. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "कुणाची तरी मुलं आहेत ती."

चौदा वर्षं म्हणजे माझं लग्न, दोन मुलं आणि बाबांच्या दुकानाचा उतरता काळ. तयार कपडे आले. कारखान्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहू लागले. कापूरबावडीच्या बाजूला मोठमोठे फलक लागले आणि त्यांवर न बोलणारी नवी जोडपी गॅलरीत चहा पिताना दिसू लागली. भिंतीवरची चित्रं पिवळी पडली, पण बाबांनी काढली नाहीत.

सोमणांचं आत्मकथन 2020 साली आलं. इंग्रजीत, रूपा पै यांच्या साथीने लिहिलेलं, आणि नाव त्या गाण्याचंच. टाळेबंदीचा काळ होता. बाळकुमलाच साकेतच्या बाजूला पालिकेचं मोठं कोविड रुग्णालय उभं राहिलं होतं आणि दिवसरात्र रुग्णवाहिका ऐकू यायच्या. बाबा पाय-मशीनवर मास्क शिवायचे आणि मी त्यांना ते पुस्तक मराठीत सांगत बसायचे.

पोहण्याच्या पानांवर ते खुलले. मग वडिलांचा भाग आला. वडील शास्त्रज्ञ, तापट. त्यांच्याशी मुलाचं कधी जमलं नाही. ते 1995 मध्येच गेले, ज्या वर्षी मुलाचा चेहरा देशभर झाला त्याच वर्षी. आपल्याकडे वडिलांबद्दल असं लिहायला पुरुष धजत नाहीत. हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका'मध्ये स्वतःचं आयुष्य उघडं केलं त्याला पन्नास वर्षं होत आली होती. तेवढ्या मोकळेपणाने घराबद्दल बोललेले मराठी पुरुष मला फारसे आठवत नाहीत. प्रसिद्धीची पानं त्या पुस्तकात खूप आहेत आणि ती मी भराभर उलटली. जिथे एक अबोल, बुजरा मुलगा पाण्यात उतरतो तिथे मी थांबले. पाण्याखाली कुणी ओरडत नाही, असं मला वाचताना वाटत राहिलं. ते माझं मत. त्यांनी तसं लिहिलेलं नाही.

बाबांनी मशीन थांबवलं होतं. "आणि आई?" त्यांनी विचारलं.

आई, उषाताई, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक. 2016 साली मुलगा अहमदाबादहून मुंबईकडे अनवाणी धावत येत होता तेव्हा महाराष्ट्रातल्या टप्प्यात त्या साडी नेसून, अनवाणीच, त्याच्याबरोबर धावल्या. मी मोबाइलवर ते दाखवलं. बाबांनी मायलेकांच्या पाठी निरखल्या आणि एवढंच म्हणाले, "आईचा बांधा आहे."

सोमणांना बोलायला मिळालं याचा मला आनंद आहे. पण त्या फोटोत दोघं होते. मधु सप्रे मैदानावरची मुलगी. 1992 साली बँकॉकच्या विश्वसुंदरी स्पर्धेत, देशाची सूत्रं हाती आली तर काय कराल असं विचारल्यावर तिने क्रीडांगणं बांधीन असं सांगितलं आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिली. गरिबी हटवीन म्हणायला हवं होतं, असं लोक कित्येक वर्षं म्हणत होते. मला ते उत्तर तेव्हाही आवडलं होतं, आज जास्त आवडतं. ज्या गोष्टीने आपल्याला घडवलं ती तिने मागितली होती. खटला तिच्यावरही तेवढाच चालला आणि नाक्यावर तिच्याबद्दल जे बोललं जायचं ते त्याच्या वाट्याला कधीच आलं नाही. त्या वर्षांबद्दल तिने सविस्तर लिहावं, शक्य तर मराठीत. बाबा आता थकलेत, ऐकूही कमी येतं, पण तिचं पुस्तक आलं तर त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचायची माझी तयारी आहे.