बॅटरीवर आळ

खेड्यात सकाळी मोटार चालू झाली नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो. मालक बाजारात जातो, तीन-चार हजार रुपये मोजतो आणि नवी बॅटरी घेऊन येतो. महिना-दोन महिने बरे जातात. मग पुन्हा तेच रडगाणे. एवढ्या रकमेत ज्या घरी मुलांची वह्या-पुस्तके येतात, त्या घराला हा दंड फार जड जातो.

अँबॅसडर व मारुती ८०० या दोन्ही मोटारींचे उत्पादन २०१४ साली थांबले. तथापि आमच्या खानापूर-बेळगावच्या बाजूस जुन्या मोटारी अद्याप चालत आहेत. ऐन पावसाळ्यात अशी एखादी मोटार म्हणजे साऱ्या वाडीचा आधार असतो. गेल्या श्रावणात अशाच एका जुन्या मोटारीतून एका बाळंतिणीला मध्यरात्री बेळगावास नेत होते. वाटेत दिवे पिवळे पडले, काचेवरचा वायपर मंदावला आणि अखेर इंजिन बंद पडले. मागून दुधाचा टेंपो आला म्हणून मायलेकरे सुखरूप राहिली. पुढच्या आठवड्यात मालक आमच्याकडे आले. म्हणाले, "फादर, वर्षात ही दुसरी बॅटरी. आता तिसरी आणू काय?" आम्ही म्हटले, "आधी मोजू या, मग आणा."

वाचकहो, बॅटरी ही केवळ कणगी होय. धान्य पिकविणारा निराळा. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज निर्माण करतो व कणगी भरतो. कणगी रिकामी दिसली म्हणजे ती फुटकीच असेल असे नाही. पीक आले नसेल, किंवा आलेले पीक वाटेत सांडले असेल. या तिन्हींचा उलगडा काही शे रुपयांना मिळणारा साधा मीटर करतो.

आम्ही प्रथम बॅटरी बाहेर चार्ज करवून आणली व रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मीटरने १२.६ व्होल्ट दाखविले. हा भरलेल्या बॅटरीचा आकडा; १२.२ च्या आसपास असता तर ती निम्मी रिकामी समजावी. सेल्फही जोमाने फिरला. म्हणजे कणगी धड होती.

इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. सैल पट्टा पावसात घसरतो व किंचाळतो. हा ताठ होता. चावी फिरविताच बॅटरीचा तांबडा दिवा लागला व इंजिन सुरू होताच विझला. हा दिवा मुळीच लागत नसेल तरी सावध व्हावे. कित्येक गाड्यांत त्या दिव्यातून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला जागे करतो.

मग इंजिन जरा वेगाने ठेवून बॅटरीच्या टर्मिनलांवर मीटर लावला. तेथे सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतील पाणी उकळून जाते. आम्हास मिळाले १२.९, पुढचे दिवे व वायपर लावताच १२.३. आता सर्वांनी अल्टरनेटरकडे बोट दाखविले. परंतु त्याच वेळी खुद्द अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर मोजले, तो १३.९! पीक उत्तम आले होते. वाटेवर दीड व्होल्टहून अधिक लुटले जात होते. चांगल्या तारेत दोन-तीन दशांशांहून अधिक घट होऊ नये.

इंजिन बंद करून, बॅटरीची तार सोडून ती वाट शोधली. जाड तारेच्या टोकाची थिंबल हिरवी पडली होती आणि वरचे प्लास्टिक उष्णतेने तपकिरी झाले होते. टोक कापून, तांबे घासून वायरमनने नवी थिंबल दाबून बसविली. खर्च शंभर रुपयांच्या आत. पुन्हा दिवे लावून मोजले: १३.७. तिसरी बॅटरी आणावी लागली नाही.

एक इशारा द्यावासा वाटतो. डायनामोच्या काळातील काही मिस्त्री चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून परीक्षा घेत. अल्टरनेटरच्या गाडीत असे कदापि करू नये. विजेचा दाब एकाएकी उसळून डायोड व रेग्युलेटर जळू शकतात. तसेच फिरत्या पट्ट्याजवळ पदर, ओढणी वा सैल बाही नेऊ नये.

यास्तव आमची विनंती इतकीच की, पावसाळा लागण्यापूर्वी जुनी मोटार ज्याच्या दारी असेल त्याने हे तीन आकडे काढून घ्यावेत: उभ्या गाडीचा, चालत्या इंजिनाचा आणि दिवे लावल्यानंतरचा. दहा मिनिटांचे काम आहे. मध्यरात्री कोणी दार ठोठावले, तर ते आकडे आधीच पाहिलेले असलेले बरे.