देवाच्या नावाचा सातबारा

जामखेड

चिरंजीव पुतण्यास,

कायद्याच्या विद्यार्थ्याला ‘न्यायिक व्यक्ती’, म्हणजे देहधारी माणूस नसूनही जिला मालमत्ता बाळगता येते आणि दावा लावता येतो अशी व्यक्ती, बहुधा कंपनीच्या प्रकरणात प्रथम भेटते. पण हिची जुनी घरे दोन, एक मध्ययुगीन युरोपातले चर्च आणि दुसरे आपल्याकडचे देऊळ.

चर्चच्या पंडितांपुढची अडचण साधीच होती. भक्ताने जमीन संताच्या नावे दिली, संत शतकांपूर्वी निवर्तलेला, बिशप येतात नि जातात, मठवासीयांनी अपरिग्रहाचे व्रत घेतलेले. मग मालक कोण? पोप चौथा इनोसंट (कारकीर्द 1243 ते 1254), जो स्वतः धर्मकायद्याचा नामांकित भाष्यकार होता, त्याने असे मांडले की समुदाय ही कायद्याने कल्पिलेली एक व्यक्ती मानावी. मात्र ही कल्पना त्याने समुदायाला मोठेपणा देण्यासाठी वापरली नाही. 1245 च्या लियों येथील धर्मपरिषदेत अख्ख्या समुदायाला धर्मबहिष्कृत करण्यास मनाई झाली, कारण त्यात निर्दोषही भरडले जातात. आणि इनोसंटच्या भाष्यानुसार समुदायाला आत्माच नाही, तर शिक्षा कोणाच्या आत्म्याला करायची? दोषी माणूस शोधून त्यालाच धरावे, हा त्यातला रोख. पुढे कंपन्यांच्या वकिलांनी या कल्पनेचा आडोसा केला, त्याचे खापर इनोसंटवर फोडणे अन्यायाचे होईल.

देवळाची गोष्ट उलट दिशेने जाते. डाकोरच्या रणछोडरायाच्या देवळाच्या उत्पन्नावर सेवकांनी खासगी मालकी सांगितली, तेव्हा 1887 साली मुंबई उच्च न्यायालयाने रोमन कायद्याप्रमाणे हिंदू कायद्यातही धर्मदाय निधी ही स्वतंत्र व्यक्ती ठरते असे सांगून सेवकांना हिशेबाला बांधले. 1925 साली कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिल आणखी पुढे गेले आणि मूर्ती कुठे राहावी याबाबत खुद्द देवाची इच्छाही विचारात घ्यावी असे म्हणाले. चर्चने कल्पिलेल्या व्यक्तीला आत्मा नव्हता. देवळातल्या या देवरूपी व्यक्तीला इच्छासुद्धा आहे, फक्त ती बोलून दाखवता येत नाही. म्हणून सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावाखाली ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, लिहून वडीलधाऱ्याचे नाव घालतात, तसाच काहीसा पुजारी देवाच्या वतीने वहिवाट पाहतो. नांगर त्याचा, बी त्याचे, पण खातेदार महादेव. पिढ्या उलटल्या की पालनकर्त्याला आपणच मालक आहोत असे वाटू लागते, आणि 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला मध्य प्रदेशातील देवस्थानांच्या प्रकरणात मालकीच्या रकान्यात केवळ देवाचेच नाव हवे, पुजारी हा व्यवस्थापक, असे बजावावे लागले.

देवाला धनी मानण्याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. याच तालुक्यातील चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी 1767 पासून राज्य चालवले ते शंकराच्या नावाने. हुकमांवर त्यांच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ असे, आणि खासगीतील संपत्तीवर तुळशीपत्र ठेवून ती देवाला वाहिल्याची कथा आजही सांगतात. राज्याचा धनी देव आणि राणी त्याची कारभारीण, अशी ही मांडणी इनोसंटला ओळखीची वाटली असती. फरक एवढाच, की इथला धनी कल्पित आहे असे कोणी मानत नव्हते.

सोबत एका देवस्थान जमिनीच्या सातबाऱ्याची नक्कल जोडली आहे. कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी तिच्यातला भोगवटादाराचा रकाना वाचावा.

काका